वळवाच्या विजेनं अलार्म पॅनेल आणि ईपीएबीएक्स जळतात : अर्थिंग वेगळं ठेवायचं की एकच?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. वळीव सुरू झाला की आमच्याकडे काहीतरी जळतंच. ट्यूबलाइट, पंखे, पाण्याची मोटर यांना कधी काही होत नाही. जातं ते चोर-अलार्मचं पॅनेल, नाहीतर ईपीएबीएक्सचं, म्हणजे इमारतीतल्या फोनच्या छोट्या एक्स्चेंजचं, एक्स्टेंशन कार्ड. मागच्या वेळी दोन्ही गेले आणि सोबत कॅमेऱ्यांचा रेकॉर्डरही गेला. वीज इमारतीवर पडलेली नव्हती. पलीकडच्या गल्लीत कुठेतरी कडाडली, एवढंच.

मांडणी अशी आहे. समोर मुख्य इमारत, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला वॉचमनची केबिन आणि जुन्या दप्तराची खोली. लाइटचा अर्थपिट गेटजवळ मीटरच्या खाली. अलार्म बसवणाऱ्यांनी त्यांच्यासाठी वेगळा 'क्लीन अर्थ' म्हणून मागच्या अंगणात दुसरा खड्डा घेतला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आता ते म्हणतात तिसरा खड्डा केमिकल अर्थिंगचा, म्हणजे रॉडभोवती तयार पावडर भरलेला, करा. खर्च करायला संचालक मंडळ तयार आहे, पण योग्य जागी व्हावा. घरच्या टीव्हीसारखा आकाश भरून आलं की प्लग काढून ठेवता येत नाही, कारण रात्री अलार्म चालू हवाच.

जाणकारांनी सांगावं.

उचगावचा_वायरमन

शाहूपुरीकर, आधी चार गोष्टी बघून सांगा. अलार्म पॅनेलला सप्लाय कुठल्या बोर्डातून आहे? पॅनेलच्या आत अर्थचा स्क्रू असतो, त्याची तार कुठे जाते, किती लांब आणि किती जाडीची? ईपीएबीएक्सला तीन पिनचा प्लग आहे की कुणी दोन पिनची टोपी लावली आहे? आणि मीटरनंतरच्या बोर्डात एसपीडी, म्हणजे सर्ज (तारेवरून येणारा विजेचा क्षणिक मोठा झटका) अडवणारं उपकरण, आहे का?

शाहूपुरीकर

आज सगळं उघडून बघितलं. पॅनेलचा सप्लाय मुख्य बोर्डातूनच. अर्थच्या स्क्रूतून दीड एमएमची हिरवी तार निघून भिंतीनं फिरत मागच्या खड्ड्यापर्यंत जाते, २० मीटरच्या आसपास असेल. ईपीएबीएक्सला तीन पिन आहेत, म्हणजे त्याचा अर्थ गेटजवळच्या खड्ड्यातला. अलार्मचा डायलर, म्हणजे अलार्म वाजला की फोन लावणारा भाग, ईपीएबीएक्सच्याच एका लाइनवर जोडलाय. वॉचमनच्या केबिनीत एक फोन आणि एक पॅनिक बटण, दोन्हींच्या तारा अंगणावरून उघड्या गेल्यात. एसपीडी नाही.

पॅनेलच्या पुस्तिकेत 'थंड पाण्याच्या पाइपला अर्थ द्या' असं लिहिलंय, म्हणून तेही विचारतो.

निवृत्त_दूरसंचार

पाण्याच्या पाइपचं आधी संपवू. ती पुस्तिका ज्या देशांसाठी लिहिली तिथे जमिनीतून येणारी पाण्याची नळी धातूची असे. आपल्याकडे पीव्हीसी आणि सीपीव्हीसी. त्या नळीला तार बांधून काही होत नाही.

आता मुख्य दुखणं. तुमचे पंखे वाचतात आणि पॅनेल जळतं याचं कारण तुमच्या यादीतच आहे. पंख्याला एकाच वाटेनं तार येते, लाइटची. अलार्म पॅनेलला दोन-तीन वाटांनी येते : लाइट, टेलिफोन, केबिनीकडची झोनची (बटण किंवा सेन्सरकडून पॅनेलला येणारी) तार, आणि वर वेगळा अर्थ. ईपीएबीएक्सचंही तसंच, रेकॉर्डरचंही तसंच. सर्ज एका वाटेनं आत येतो आणि दुसऱ्या वाटेनं बाहेर पडतो, मधे तुमचं कार्ड असतं.

आकडे घालून बघू. समजा लाइटच्या तारेवरून सर्ज आला आणि त्यातला फक्त १ किलोअँपिअर गेटजवळच्या खड्ड्यात उतरला. खड्ड्याचा रोध १० ओहम धरा, म्हणजे बऱ्यापैकी चांगला. १००० गुणिले १०, म्हणजे त्या खड्ड्याचा आणि त्याला जोडलेल्या सगळ्याचा दाब तेवढ्या क्षणापुरता १०,००० व्होल्ट वर गेला. मागच्या अंगणातला खड्डा मात्र शून्याच्या जवळपासच राहिला. ईपीएबीएक्स पहिल्या खड्ड्यावर, अलार्म दुसऱ्या खड्ड्यावर आणि दोघांच्या मधे टेलिफोनची एक जोडी. ते १०,००० व्होल्ट त्या जोडीच्या दोन टोकांवर आले. अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणं साधारण दीड हजार व्होल्टचा झटका सोसतील एवढीच बनवलेली असतात.

पूर आला की नावेतली माणसं नावेसकट वर जातात, कुणाला काही होत नाही. एक पाय नावेत आणि एक घाटाच्या पायरीवर ठेवणाऱ्याचे हाल होतात. तुमच्या यंत्रणेचा एक पाय गेटजवळ आहे आणि एक अंगणात. केमिकलचा तिसरा खड्डा वेगळा ठेवलात तर तिसरा पाय होईल.

म्हणून खर्च करण्याआधी हे धरून चला : जमिनीचा रोध कमी असणं चांगलंच, पण उपकरणं वाचतात ती सगळ्यांचा अर्थ एकाच ठिकाणी आल्यामुळे. रोध १ ओहम करून दाखवला तरी दोन खड्डे वेगळे असतील तर कार्डं जळत राहतील.

गोकुळ_शिरगाव

काका, आदर ठेवून असहमती नोंदवतो. आमच्या कारखान्यात सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या) मशिनसाठी अर्थ वेगळा घ्यायलाच लावला होता. मशिनवाल्यांच्या इंजिनिअरनं लेखी दिलं होतं. वेल्डिंग आणि मोटारींचा कचरा, म्हणजे तारेत शिरणारा विजेचा गोंगाट, कंट्रोलरमध्ये येऊ नये म्हणून. लाइटच्या अर्थमध्ये सगळं एकत्र केलं तर तो आवाज फोनवर आणि अलार्मवर येणार नाही का? खोटे अलार्म वाजतील.

निवृत्त_दूरसंचार

तुमचा मुद्दा खरा आहे, त्याचं उत्तर मात्र वेगळा खड्डा नाही. कंट्रोलरची अर्थची तार वेगळी ओढा, मोटारींच्या तारेला वाटेत कुठेही लावू नका, थेट मुख्य अर्थपट्टीपर्यंत न्या. तार वेगळी, शेवट एकच. मोटारीचा कचरा त्या तारेवर येत नाही आणि वीज कडाडली की दोन्ही एकत्र वर जातात.

वीजसंरक्षणाचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३०५, जे आपल्याकडे भारतीय मानक म्हणूनही लागू आहे, त्याच्या तिसऱ्या भागात स्पष्ट म्हटलंय की वीजसंरक्षण, लाइट आणि दूरसंचार या सगळ्यांसाठी इमारतीचा एकच जोडलेला अर्थ असणं चांगलं. वेगळा, न जोडलेला अर्थ माणसांसाठीही धोक्याचा आहे. एका अर्थवरच्या कपाटाला एक हात आणि दुसऱ्या अर्थवरच्या पॅनेलला दुसरा हात लागलेला असताना वीज पडली तर फरक माणसातून जातो.

आमच्या एक्स्चेंजमध्ये बॅटरी ४८ व्होल्टची, आणि तिचं धन टोक अर्थला. नवख्यांना नवल वाटायचं. कारण असं की बाहेरच्या केबलमध्ये ओल शिरली तर तांबं धन बाजूनं झिजतं, म्हणून लाइन ऋण ठेवायची. ते धन टोक, एमडीएफची (बाहेरच्या सगळ्या केबल जिथे जोडतात ती) चौकट, केबलचं शिसं किंवा चिलखत, टॉवर आणि लाइटचा अर्थ, सगळं शेवटी एका पट्टीवर यायचं. वेगळं काही ठेवलं की तपासणीत शेरा ठरलेला.

हुपरीकर

चांदीचं काम आहे आमचं, दुकान आणि मागे कारखाना. आमचा अलार्म सिमकार्डवाला, टेलिफोनची लाइन नाहीच. नेटसुद्धा फायबर. म्हणजे आम्ही सुटलो ना? तरी गेल्या वळवात सायरनचं सर्किट गेलं आणि राउटर गेला, म्हणून विचारतोय.

उचगावचा_वायरमन

हुपरीकर दादा, टेलिफोनची एक वाट बंद झाली, बाकीच्या उघड्या आहेत. सायरन बाहेरच्या भिंतीवर किंवा गच्चीवर असणार. त्याची तार, शटरच्या चुंबकी स्विचची तार, कारखान्यातल्या सेन्सरची तार आणि लाइटची तार अशा चार दिशांनी फिरून परत पॅनेलमध्येच येतात. लाइट एका भिंतीनं आणि झोनची तार समोरच्या भिंतीनं गेली की मधे मोठा चौकोन तयार होतो. जवळपास वीज पडली की त्या चौकोनातून चुंबकीय क्षेत्र झपकन बदलतं आणि तारेत दाब तयार होतो. चौकोन जेवढा मोठा तेवढा दाब जास्त. तारेला वीज शिवावी लागत नाही. म्हणून झोनच्या तारा पीळ दिलेल्या जोडीच्या वापरायच्या आणि लाइटच्या पाइपाच्या बाजूनं, पण वेगळ्या पाइपातून, एकाच मार्गानं न्यायच्या.

फायबरचं म्हणाल तर काच वीज वाहून नेत नाही, हे बरोबर. पण खांबावरून येणाऱ्या केबलला आधाराची स्टीलची तार असते. बरेच जण ती खिडकीतून थेट आतल्या बॉक्सपर्यंत आणतात. ती बाहेरच हुकाला बांधून कापायची, आत फक्त फायबर घ्यायचं. आणि फायबरच्या बॉक्सचा अडॅप्टर शेवटी लाइटवरच असतो. राउटर गेला तो बहुधा तिकडून किंवा कॅमेऱ्यांच्या लॅन केबलमधून.

एसपीडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाजारात लोक डबी आणतात आणि कुठेही ठोकतात.

मीटरनंतरच्या मुख्य बोर्डात टाइप २ चा एसपीडी लावा. इमारतीवर तडितवाहक असेल, किंवा गच्चीवर मोबाइल टॉवर असेल, तर टाइप १ आणि २ एकत्र असलेला घ्या. टाइप १ ची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या (पहिला आकडा चढण्याचा, दुसरा निम्म्यावर उतरण्याचा) लांब लाटेनं होते, टाइप २ ची ८/२० च्या आखूड लाटेनं. लांब लाटेत ऊर्जा कितीतरी जास्त. आपल्याकडे महावितरण घराला न्यूट्रल देतं पण अर्थ आपला आपण घेतो, म्हणून फेज आणि न्यूट्रलच्या मधे एमओव्ही (दाब वाढला की वाट मोकळी करणारा भाग) आणि न्यूट्रल व अर्थच्या मधे गॅस ट्यूब (जास्त दाबाला आतला वायू पेटून वाट देणारी नळी) अशी '१+१' रचना मागा.

आता लावायचं कसं. एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. सरळ तारेच्या प्रत्येक मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे झपकन बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा, येतो. ५ किलोअँपिअरचा सर्ज ८ मायक्रोसेकंदात चढला तर प्रत्येक मीटर तारेवर ६०० व्होल्टच्या पुढे पडतात. एसपीडीनं दीड हजारावर दाब धरला आणि तुम्ही त्याला तीन मीटर तार गुंडाळून दिलीत, तर उपकरणाला तीन हजारांच्या वर मिळणार. उरलेली तार वेटोळं करून बोर्डात कोंबायची सवय इथे फार महागात पडते. तार किमान ६ एमएम तांब्याची.

आणि हे नीट लक्षात घ्या : डीपीवर न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्ट आले तर एसपीडी वाचवत नाही, उलट तोच तापून जळतो. सर्ज असतो मायक्रोसेकंदांचा, न्यूट्रल तुटला की तो दाब मिनिटं न् मिनिटं राहतो. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेजला तोडणारा रिले वेगळा लावायचा. एसपीडीच्या आधी कंपनीनं सांगितलेला फ्यूज किंवा एमसीबी हवाच. त्याची हिरवी खिडकी लाल झाली की बदलायचा, आणि वळीव संपला की एकदा बघायचीच.

हातकणंगलेचा_शेतकरी

वाचतोय सगळं. आमचं जरा येगळं हाय. घर हिकडं, गोठा तिकडं, मधी शंभर मीटरच्या वर आंतर. गोठ्यावर चार कॅमेरे, लॅनची वायर खांबावरनं आणलीया. दर वर्साला रेकॉर्डर न्हाईतर कॅमेरा जातोय. गोठ्याला दुसरी डीपी हाय. दोन्हीकडचं अर्थिंग जोडायचं म्हटलं तर एवढी पट्टी कुठनं आणायची?

निवृत्त_दूरसंचार

दादा, तुमच्याकडे पट्टी जोडूच नका. दोन इमारती एवढ्या लांब आणि सप्लायही वेगळा असेल तर मधली तांब्याची तारच काढून टाका. लॅनची केबल तशीही १०० मीटरच्या पुढे चालत नाही. घर ते गोठा धातू नसलेली फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन जोडणारी डबी. गोठ्यातले कॅमेरे गोठ्यातल्या स्विचवर, त्या स्विचच्या आणि कन्व्हर्टरच्या अडॅप्टरांना गोठ्याच्याच बोर्डातला एसपीडी. मग गोठ्याची जमीन कितीही वर जाऊ दे, घरापर्यंत पोचायला तिला वाट नाही. जळणाऱ्या रेकॉर्डरच्या मानानं हे स्वस्त पडतं.

ऊस तोडणीच्या काळात केबल तुटायची भीती असते, म्हणून जमिनीतून पाइपातून न्या.

हातकणंगलेचा_शेतकरी

आता ध्यानात आलं. पाइप तर ठिबकचा पडलाय घरात. धन्यवाद काका.

आजऱ्याची_माती

मी मातीचं काम करते, सगळ्या चर्चेत जमिनीबद्दल फार कमी आलंय म्हणून लिहिते.

'एक खड्डा, १ ओहम' असं छापील पत्रक घेऊन फिरणारे आमच्याकडेही येतात. साधा हिशेब करून बघा. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर असेल, जी काही वाईट नाही, तर ३ मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाडीचा एक रॉड तुम्हाला ३३ ओहमच्या आसपास देतो. खड्ड्यात भरलेल्या पावडरीनं त्यात सुधारणा होते, पण ती रॉडच्या अगदी जवळच्या मातीपुरती. रोध खरा उतरतो तो रॉडची खोली वाढवून किंवा एकापेक्षा जास्त रॉड एकमेकांना जोडून. दोन रॉडमधलं अंतर रॉडच्या लांबीच्या दुप्पट ठेवा, जवळजवळ ठोकले तर दोन रॉड एकाचंच काम करतात.

कोल्हापूर शहरात आणि नदीकाठाला काळी माती आहे, ती ओली असताना उत्तम. आजरा, गगनबावडा, पन्हाळ्याचा माथा इथे जांभा, आणि त्याखाली कातळ. जांभ्यात पाणी टिकत नाही. तिथे खोल खड्ड्याऐवजी इमारतीभोवती आडवी पट्टी पुरून कडं केलेलं जास्त उपयोगी.

काळ्या मातीचीही एक खोड आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. आपल्याकडे वळवाच्या विजा नेमक्या एप्रिल-मे मध्ये येतात, जमीन वर्षभरातली सगळ्यात कोरडी असताना. ऑगस्टमध्ये मोजलेला रोध बघून समाधान मानू नका. मोजायचं तर मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यातलं मीठ आपल्या पावसात वाहून जातं आणि राहिलेलं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप खातं. त्यापेक्षा बेंटोनाइट नावाची चिकणमाती बरी, ती ओल धरून ठेवते.

आणि कृपा करून फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून अर्थ 'तपासू' नका. खड्डा कमकुवत असेल तर त्याला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर दाब येतो. तीन खुंट्यांचा अर्थ टेस्टर भाड्यानं मिळतो.

गोकुळ_शिरगाव

ताई, माहितीबद्दल आभार. काकांचं म्हणणंही पटलं, आमच्या मशिनचा खड्डा मुख्य पट्टीला जोडायचं मनावर घेतो. एक शंका : 'एक दांडा लावा, १०० मीटरच्या परिघात सगळं सुरक्षित' असं सांगणारा एक विक्रेता एमआयडीसीत फिरतोय. घ्यावा का?

निवृत्त_दूरसंचार

घेऊ नका. असा वाढीव परीघ ६२३०५ मान्य करत नाही. त्या मानकात दांड्याची उंची आणि इमारतीचा आकार यावरून संरक्षण ठरतं. शिवाय दांडा इमारतीला आग लागण्यापासून वाचवतो, अलार्मचं पॅनेल वाचवणं हे त्याचं काम नाही. दांडा लावून आत एसपीडी आणि जोडणी नसेल तर पॅनेलचा धोका वाढतो, कारण आता वीज मुद्दाम तुमच्या अर्थमध्ये उतरवली जाते.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. संचालकांपुढे हे ठेवणार आहे : तिसरा खड्डा रद्द. दोन्ही खड्डे जोडायचे. अलार्म, ईपीएबीएक्स आणि रेकॉर्डर एका भिंतीवर आणायचे. मुख्य बोर्डात एसपीडी. केबिनीच्या तारांचं काय करावं? तिथे फक्त एक फोन आणि एक बटण, त्यासाठी फायबर टाकणं जडच वाटतं. आणि खड्डे कशानं जोडायचे तेही सांगा.

उचगावचा_वायरमन

जमिनीखालून जोडायला २५ बाय ६ मिलिमीटरची जीआय पट्टी, जोड वेल्डिंगचा, वरून डांबराचा थर. जमिनीत तांबं आणि जीआय थेट जोडू नका, जीआय गंजत जातं. मागच्या खड्ड्याकडं जाणारी पॅनेलची ती २० मीटरची हिरवी तार मात्र काढूनच टाका. खड्डे जोडले म्हणून ती तशीच ठेवली तर तिच्यावर हजारो व्होल्ट पडत राहतील. उपकरणांच्या भिंतीवर एक तांब्याची पट्टी बसवा. तिन्हींच्या अर्थच्या तारा तिथे, शक्य तितक्या आखूड, आणि त्या पट्टीपासून मुख्य अर्थपट्टीपर्यंत १६ एमएम.

ही भिंत मुख्य बोर्डाच्या जवळची निवडा. लाइट, फोन, केबिनीच्या तारा आणि कॅमेऱ्यांच्या तारा सगळ्या तिथूनच आत येऊ देत.

निवृत्त_दूरसंचार

केबिनीच्या तारा फायबरविना चालतील. अंगणावरून उघड्या गेलेल्या तारा उतरवा, पाइपातून, शिल्ड असलेली पिळाची केबल टाका. प्रत्येक जोडी आत शिरते तिथे संरक्षक मॉड्यूल, आणि त्याचा अर्थ त्याच तांब्याच्या पट्टीवर. फोनच्या जोडीला तीन टोकांची २३० व्होल्टची गॅस ट्यूब घ्या. रिंगचा दाब ७५ व्होल्ट एसी धरला तर शिखर १०६, त्यात लाइनचे ४८ मिळवले की १५४. कमी व्होल्टची ट्यूब घेतलीत तर रिंग आली की ती पेटेल. तीन टोकांचीच घ्या, कारण दोन वेगळ्या ट्यूब एकाच क्षणी पेटत नाहीत आणि तेवढ्या वेळात जोडीच्या दोन तारांमध्ये फरक पडतो.

गॅस ट्यूब पेटेपर्यंत काहीशे व्होल्ट पुढे जातात, ईपीएबीएक्सच्या कार्डाला तेवढेही जड. म्हणून आत दुसऱ्या टप्प्यात डायोडचं संरक्षण असलेलंच मॉड्यूल मागा. पॅनिक बटणाच्या झोनला १२ व्होल्टसाठीचं वेगळं मॉड्यूल येतं, टेलिफोनचं तिथे लावू नका. एक संरक्षक केबिनीच्या टोकालाही लावा. केबिनीला लाइट तुमच्याच मुख्य बोर्डातून जात असेल तर त्या संरक्षकाचा अर्थ तिथल्या छोट्या बोर्डाच्या अर्थपट्टीवर घ्या, तिथे वेगळा खड्डा काढू नका.

काम पहिल्या वळवाच्या आधी उरकून घ्या. आणि आभाळ आलेलं असताना कुणालाही पट्टीला हात लावू देऊ नका. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजांची सूचना देतं, ते काम करणाऱ्यांच्या मोबाइलवर असू द्या. वॉचमनलाही सांगून ठेवा की गडगडाट सुरू असताना तारेचा फोन उचलायचा नाही, मोबाइल वापरायचा.

शाहूपुरीकर

केबिनीला लाइट मुख्य बोर्डातूनच आहे, आत्ताच खात्री केली. उद्या दोन्ही खड्ड्यांचा रोध टेस्टरनं मोजून घेतो आणि आकडे इथे टाकतो. ताई, जोडायच्या आधी वेगवेगळा मोजायचा ना?

आजऱ्याची_माती

हो, आधी वेगवेगळा आणि मग जोडून एकत्र. वेगळा मोजताना त्या खड्ड्याची वरची जोडणी सोडावी लागेल, तेव्हा मेन स्विच बंद असू द्या. खुंट्या सरळ रेषेत ठोका, मधली खुंटी खड्ड्यापासून शेवटच्या खुंटीपर्यंतच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर. अंगणात तेवढी सरळ जागा नसेल तर रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी बघा, पण खाली पाण्याची नळी किंवा लाइटची केबल नाही ना हे आधी विचारून घ्या.